अंगावर येणे: दाद की तक्रार?

धागाकर्ती
'पुष्पा २' लागला तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर पाठोपाठ दोन मेसेज पडले होते. मामेभाऊ: "जत्रेचा सीन काय अंगावर येतो राव!" आत्या: "सगळंच फार अंगावर येतं रे, डोकं दुखलं माझं." शब्द तेच, पण भाऊ दुसऱ्यांदा तिकीट काढायच्या बेतात आणि आत्या गोळी घेऊन आडवी. परीक्षणांतही हीच तऱ्हा. 'अंगावर येणारा अनुभव' म्हटलं की चार तारे, 'अंगावर येणारं पार्श्वसंगीत' म्हटलं की दोन. मूळ अर्थ कुठला? आणि वाचणाऱ्यानं ओळखायचं कशावरून?

मुद्रितशोधक
मूळ अर्थ चाल करून येण्याचा. म्हैस अंगावर येते, कुत्रं अंगावर येतं, पार्किंगवरून शेजारी अंगावर येतो. पुढे जनावर गेलं आणि नुसती भावना उरली: लेक सासरी गेल्यावर रिकामं घर अंगावर येतं, रविवारची संध्याकाळ अंगावर येते. इथवर दाद कुठेच नाही. माझ्या मते दादेचा अर्थ 'अंगावर काटा येणे'मधून आला. बोलता बोलता काटा गळला, बाकीचं तसंच राहिलं.

ओळखायची खूण म्हणजे कर्ता. आवाज, रंग, रक्त, मेकअप यांतलं काही अंगावर येत असेल तर तक्रार. प्रसंग, शेवट, एखाद्याचं काम अंगावर येत असेल तर बहुतेक वेळा दाद. शेजारी 'फार', 'सारखं', 'नुसतं' दिसलं की तक्रार पक्की. 'अक्षरशः' दिसलं की दाद. (हा 'अक्षरशः' मी हाती लागेल तिथे कापतो. ते गाऱ्हाणं वेगळ्या धाग्यावर.)

बाल्कनी
नियम कागदावर छान आहे, पण याच पिक्चरला लावून बघा, मोडतो. जत्रेच्या प्रसंगात आहे काय? निळ्या रंगात माखलेला अल्लू अर्जुन, साडी, बांगड्या, गळ्यात लिंबांची माळ, खाली ढोल. म्हणजे रंग, मेकअप आणि आवाज, तुमच्या तक्रारीच्या यादीतले तिन्ही कर्ते हजर. तरी दाद! ज्यांनी लांबीवरून आणि विस्कळीत कथेवरून सिनेमा झोडला त्यांतल्या बऱ्याच समीक्षकांनीही हा भाग उचलून धरला.

आणि शेवटची मारामारी घ्या. हातपाय बांधलेले, माणूस हवेत गरगरतोय आणि दातांनी एकेकाच्या नरडीचा घोट घेतोय. वाक्प्रचाराचा एवढा शब्दशः वापर मी तरी पडद्यावर पाहिला नव्हता. आमच्या थेटरात पुढच्या रांगा शिट्ट्या मारत होत्या आणि आमची रांग खुदुखुदु हसत होती. इथे 'प्रसंग' कर्ता आहे, मग ही दाद म्हणायची का? दिग्दर्शक सुकुमारनं जत्रेपर्यंत आपल्याला हळूहळू नेलंय. शेवटाला येईतो आपण थकलेलो असतो. अंगावर काय येतं त्यापेक्षा अंगात किती त्राण उरलंय यावर अर्थ ठरतो असं माझं म्हणणं.

सोलापुरी
आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू, त्यामुळे पिक्चर मूळ भाषेतच बघितला. तुम्ही अंगावरच अडकलाय. तेलुगू पब्लिक असल्या सीनला 'पूनकालु' म्हणतं. पूनकम म्हणजे अंगात येणं, देवीचा संचार. पूनकालु हे त्याचं अनेकवचन. हिरोच्या एन्ट्रीला, फायटिंगला, गाण्याला, कशालाही चालतं. चिरंजीवीच्या २०२३ मधल्या 'वाल्तेरु वीरय्या'ची जाहिरातच 'पूनकालु लोडिंग' अशी होती. म्हणजे दादेचा शब्द आधीपासून तयार होता, पुष्पानं तो पडद्यावर खराखुरा करून दाखवला.

आणखी एक. तिरुपतीच्या गंगम्मा जत्रेत पुरुष खरोखर साडी नेसून, तोंड रंगवून वेष घेतात. बायकांना छळणारा एक पाळेगार लपून बसला, त्याला हुडकायला देवीनं रोज वेगळं सोंग घेतलं अशी कथा आहे. पुष्पाचा मुलूख त्याच बाजूचा, शेषाचलमच्या रक्तचंदनाचा. हिंदी समीक्षकाला जी 'स्टाइल' वाटली ती तिकडच्या माणसाला दर वर्षीची रीत वाटते.

धागाकर्ती
हे भारी! यल्लम्माचे जोगते साडी नेसतात, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांनाही हे परकं वाटलं नसणार. भावाला सांगते, तुझ्या अंगावर नाही आलं, अंगात आलं. पण मग परीक्षणात 'स्टायलाइज्ड ॲक्शन'ला काय लिहायचं? शैलीदार की शैलीबद्ध?

मुद्रितशोधक
दोन्ही लागतात. शैलीबद्ध म्हणजे चौकट आधीच ठरलेली: दशावतार, यक्षगान. शैलीदार म्हणजे त्या माणसाची स्वतःची ढब. पुष्पाचा एक खांदा चढवून चालणं, दाढीखालून हात फिरवणं हे शैलीदार. जत्रेचा नाच शैलीबद्ध. 'शैलीकृत' मात्र कोणी लिहू नये, सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. आणि सीक्वेलला 'उत्तरार्ध' तर नकोच, शेवटी तिसऱ्या भागाची पाटी झळकते. सरळ 'दुसरा भाग' लिहावं.

बाल्कनींचा आक्षेप मान्य, कर्त्याचा नियम निम्माच चालतो.

बाल्कनी
आता थकव्याचंच बोलतो. मूळ पिक्चर ३ तास २० मिनिटांचा. जानेवारी २०२५ मध्ये त्यात आणखी २० मिनिटं घालून 'रीलोडेड' आणला. ताप अंगावर काढतात तसा आम्ही तोही अंगावर काढला. गंमत म्हणजे लोकांनी लांबीला भीक घातली नाही. २०२१ चा पहिला भाग हिंदीत शंभर कोटींच्या थोडा पुढे गेला होता, दुसऱ्याचा नुसता हिंदीतला गल्ला ८०० कोटींपार. याला श्रेयस तळपदेच्या आवाजाचाही हातभार आहे. त्याची हिंदी अशी काही खरखरीत लागते की ओठ जुळतायत का नाही हे बघायचं सुचत नाही.

याच यादीत 'अंगाशी येणे'सुद्धा घ्या. 'पुष्पा २' आला त्याच वर्षी, म्हणजे २०२४ च्या जुलैत 'इंडियन २' आला, १९९६ च्या गाजलेल्या पिक्चरचा दुसरा भाग. शंकर दिग्दर्शक, कमल हासन हिरो, आणि समीक्षक नि प्रेक्षक दोघांनीही झिडकारला. तो अंगावरही आला नाही आणि अंगातही आला नाही. काढणाऱ्यांच्या अंगाशी आला.

सीमाभाग
उशिरा आलो, पण एक भर घालतो. कानडीत देवाचा संचार झाला की 'मैमेले बरोदु' म्हणतात. मै म्हणजे अंग, मेले म्हणजे वर. आपण ज्याला अंगात येणं म्हणतो ते त्यांच्याकडे अंगावरच येतं. मराठीत ती जागा मोकळी नव्हती, कारण आपल्याकडे 'अंगावर देवी आल्या' म्हटलं की घरातले वैद्याला बोलवायला पळायचे. आजी 'देवीचे व्रण' म्हणायची ते याच देवींचे. तेव्हा मामेभावाचं वाक्य त्यानं कानडीतून केलं असतं तर बरोबर होतं. आत्यांचं मात्र कुठल्याही भाषेत तक्रारच.