मदत हवी आहे : मुलाच्या नावावरील थट्टेला काय उत्तर द्यावे?

संत ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांच्या स्मरणार्थ आम्ही आमच्या दीड महिन्याच्या मुलाचे नाव 'निवृत्ती' ठेवले आहे. १२९० साली गीतेवर टीका सांगताना ज्ञानदेवांनी आरंभीच स्वतःला 'निवृत्तिदासु' म्हणवून घेतले, एवढा मान ज्या नावाला आहे ते ऐकताच लोक मात्र "जन्मतःच पेन्शन सुरू का?" असे विचारतात. पहिल्यांदा मीही हसलो. पण परवा सासूबाईंनी पाळण्याशी वाकून त्याला चक्क 'नील' अशी हाक मारली, तेव्हा वाईट वाटले. जन्मदाखल्यावर 'निवृत्तिनाथ' असे पूर्ण नाव लिहिल्यास थट्टा टळेल का, आणि सासूबाईंना न दुखावता हे कसे सांगावे, याविषयी अनुभवी पालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.