मदत हवी आहे: २०० किमीच्या राईडसाठी सायकलिंग शॉर्ट कशी निवडावी? (नागपूर)

झिरोमाईल_पासून

हिवाळ्यातल्या २०० किमीच्या बीआरएमसाठी (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) शॉर्ट घ्यायची आहे. वेळमर्यादा साडेतेरा तासांची, म्हणजे थांबे वजा केले तरी नऊ-दहा तास सीटवर जाणार. बजेट ४ हजारांपर्यंत.

मापं देतो, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. उंची १७२ सेंमी, वजन ७८ किलो, कंबर ८९ सेंमी, नितंबांचा सर्वांत रुंद घेर ९८, मांडीचा घेर ५७. बैठकीच्या हाडांमधलं अंतर ११८ मिमी. सायकल हायब्रिड, सरळ हँडल, ७०० बाय ३२ चे टायर, हवा ८५ पीएसआय. सीट सायकलसोबत आलेलीच, रुंद आणि मऊ, वर जेलचं कव्हर. सध्याची शॉर्टही जाड जेल पॅडची.

४०-५० किमीपर्यंत, म्हणजे साधारण रामटेक येईपर्यंत, काही त्रास नाही. तिथून पुढे तीन गोष्टी सुरू होतात: बैठकीची हाडं दुखतात, पुढचा भाग बधिर होतो आणि उजव्या मांडीची आतली बाजू घासते. डावी अजिबात नाही.

याहून जाड पॅड घ्यावं का? साइज चार्टमध्ये माझी कंबर एलमध्ये जाते आणि नितंब एममध्ये, मग कोणतं धरायचं? बिब शॉर्टचे (खांद्यावर पट्टे असलेल्या) पैसे वसूल होतात का? आणि पत्नीही सोबत लांब राईड करते, तिला पुरुषांच्याच शॉर्टची लहान साइज चालेल का?

काटोल_नाका

जाड पॅड घेऊ नका. तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी जाडी आणि मऊपणातूनच आलेल्या दिसतात.

बसल्यावर वजन दोन हाडांवर यायला हवं, कारण तो भाग वजन पेलायलाच आहे. खाली मऊ सीट, तिच्यावर जेल कव्हर, त्यावर जेल पॅड असे तीन थर आले की हाडं आत रुततात आणि दोन हाडांमधला मऊ भाग खालून वर दाबला जातो. नस आणि रक्तवाहिन्या तिथूनच जातात, म्हणून बधिरपणा. दुकानात मऊ गादी छान वाटते ती पाच मिनिटांपुरती. दोन तासांनी फोम बसतो आणि हाडं थेट कडक तळाला टेकतात. तुमचं ४०-५० किमीचं गणित इथेच जुळतं.

पॅडमध्ये जाडीपेक्षा घनता पाहा. काही उत्पादक टॅगवर किंवा वेबसाइटवर किलो प्रति घनमीटर असा आकडा देतात. ६०च्या आसपासचं पॅड तास-दीड तासाला ठीक, १०० ते १२० चं लांब राईडचं. हा आकडा संपूर्ण पॅडचा नसतो, हाडांखालच्या भागाचा असतो, बाकी भाग पातळ आणि मऊच हवा. आकडा दिलेला नसेल तर तो भाग अंगठा आणि तर्जनीत धरून जोरात दाबा. दोन्ही बोटं एकमेकांना सहज लागली तर ठेवून द्या. सोडल्यावर फोम लगेच वर यायला हवा, खड्डा राहिला तर तेही पॅड नको. तुमच्या वजनाला हाडांखाली १० ते १२ मिमी दाट फोम पुरतो.

जेल इनसर्ट नागपुरात आणखी एका कारणाने नकोत: त्यांच्यातून हवा जात नाही. ऑक्टोबरच्या उन्हात बाराच्या आत पॅड घामाने भिजतं आणि मग ते वाळतच नाही.

एक महत्त्वाचं. पॅड तुमच्या बसण्याच्या पद्धतीला जुळायला हवं. रोड बाइकवर माणूस पुढे वाकतो, म्हणून त्या पॅडचा भरणा पुढपर्यंत असतो. हायब्रिडवर पाठ जास्त सरळ राहते, वजन मागे येतं. तुम्हाला मागे रुंद आणि दाट, पुढे पातळ असं पॅड लागेल. रेसिंगची महागडी शॉर्ट तुमच्या सायकलवर वाईट ठरू शकते, किंमत कितीही असो.

शिवण_टाका

साइजबद्दल. शॉर्ट नितंब आणि मांडीच्या मापावर घ्या, म्हणजे एम. कंबर एलमध्ये जाते हेच बिब घ्यायला पुरेसं कारण आहे: बिबला कमरेचं इलॅस्टिकच नसतं, खांद्यावरचे पट्टे कापड वर धरून ठेवतात. बिनपट्ट्याच्या एममध्ये तुमच्या पोटावर इलॅस्टिक रुतेल आणि वाकल्यावर गुंडाळी होऊन खाली येईल. एल घेतली तर कंबर बरोबर बसेल, पण मांडीवर कापड सैल पडेल, पॅड शरीरापासून सुटेल आणि प्रत्येक पेडलला सरकेल. घासण्याचं मूळ बहुतेक वेळा हे सरकणंच असतं.

चार्ट कुठल्या देशाचा आहे तेही बघा. ऑनलाइन मिळणाऱ्या आशियाई साइज युरोपियन साइजपेक्षा साधारण एक पायरी लहान निघतात, म्हणून अक्षरापेक्षा सेंटिमीटर वाचा.

ट्रायल रूममध्ये सरळ उभं राहून आरशात बघण्यात अर्थ नाही. सायकलिंगचं कापड वाकलेल्या शरीरासाठी कापलेलं असतं, बिबचे पट्टे उभं राहिल्यावर खांद्यावर ओढल्यासारखे वाटणारच. पुढे वाका, हात हँडलवर असल्यासारखे धरा, एकेक गुडघा छातीकडे आणा. आता पाहा: मांडीवरचं कापड चिमटीत सहज धरता येतं का? येत असेल तर सैल. पॅड आणि शरीर यांच्यात पोकळी आहे का? मांडीच्या घडीत पॅडची कड टोचते का? गुडघा वर आणल्यावर खालची पट्टी वर चढते का? पट्टीचा हलका ठसा उठला तर चालेल, लाल खोल रेघ उठली तर लहान पडते आहे. ट्रायल आतले कपडे ठेवूनच द्यावी लागते, ते सुती आणि जाड असतील तर फिटिंगचा अंदाज चुकतो. पातळ घालून जा.

मग शॉर्ट उलटी करा आणि शिवण बघा. कापडाचे तुकडे जितके जास्त तितका आकार शरीराला जवळ, म्हणून सहा किंवा आठ तुकड्यांची शॉर्ट चार तुकड्यांपेक्षा बरी. पण अलीकडे कमी तुकड्यांच्या, चारही दिशांना ताणणाऱ्या कापडाच्या चांगल्या शॉर्टही येतात, म्हणून तुकडे मोजून निकाल लावू नका. शिवण सपाट हवी, बोट फिरवल्यावर उंचवटा लागू नये. पॅडच्या मधोमध, जिथे बसतो तिथे, आडवी-उभी शिवण अजिबात नको. पॅडची कड हळूहळू पातळ होत कापडात मिळाली पाहिजे. जाड कड एकदम संपत असेल तर तिथेच सोलवटणार.

कापडात नायलॉन किंवा पॉलिएस्टरसोबत १८ ते २५ टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असावं. हाताने ताणून उजेडासमोर धरा: पलीकडचं स्पष्ट दिसलं तर सायकलवर मागच्या माणसालाही दिसेल.

तर्री_मारके

भाऊ, शॉर्ट नंतर घेजा, पहिले टायरची हवा कमी करा. ७८ किलोच्या माणसाले ३२ च्या टायरमध्ये ८५ पीएसआय कायले पाहिजे? मागे ६० ते ६५, पुढे ५५. टायरच्या बाजूवर कमीत कमी आकडा लिहिला राहते, त्याच्या खाली नका जाऊ. आपल्या सिमेंट रोडचे जॉइंट ठक-ठक करत थेट हाडाले लागतात, ते कोणतं पॅड थांबवणार?

अन् दुसरी गोष्ट. घाटात माणूस आपोआप सीटवरून उठते. आपल्या इकडे सेमिनरी हिल्स सोडली तं चढ कुठी आहे? वर्धा रोडले लागलं की बसला तं बसला. दर १५ मिनिटांनी जड गिअर टाकून २०-३० सेकंद उभ्याने पेडल मारा. घड्याळावर अलार्म लावा, नाही तं ध्यानात राहत नाही. फुकटचा उपाय आहे.

उमरेड_लूप

@झिरोमाईल_पासून, पत्नीसाठी पुरुषांची लहान साइज नको. स्त्रियांच्या बैठकीची हाडं सहसा जास्त अंतरावर असतात, त्यामुळे त्यांच्या पॅडचा दाट भाग मागे रुंद असतो, आणि पुढचा भाग आखूड. पुरुषांच्या पॅडच्या मध्ये जी खोबण असते ती त्यांच्यासाठी चुकीच्या जागी येते आणि तिच्या कडा टोचतात. कमरेपासून नितंबापर्यंतचा उतारही वेगळा कापलेला असतो. बिब घेणार असतील तर मागून खाली ओढता येणारी किंवा पट्टा क्लिपने सुटणारी पाहा. साध्या बिबसाठी आधी जर्सी काढावी लागते आणि हायवेच्या ढाब्यावरच्या बाथरूममध्ये ते किती जमतं हे सांगायला नको. तसा पर्याय बजेटमध्ये नसेल तर रुंद, उंच कमरेची बिनपट्ट्याची शॉर्ट घ्यावी; अरुंद इलॅस्टिकपेक्षा पोटाला खूप बरी.

पाळीच्या दिवसांत पॅडच्या आत सॅनिटरी पॅड लावला तर त्याच्या कडा घासतात. कप किंवा टॅम्पॉन वापरत असतील तर लांब राईडला ते सोयीचं.

झिरोमाईल_पासून

सर्वांचे आभार. बिब एम आणि दाट फोम एवढं पक्कं केलं. कव्हर काढलं, हवा कमी केली. उजवी मांडी का घासते याचा मात्र उलगडा झाला नाही. शॉर्ट दोन्ही बाजूंनी सारखीच आहे ना? आणि सीट कोणत्या मापाची घेऊ?

काटोल_नाका

एकाच बाजूला त्रास असेल तर शॉर्टवर आळ घेऊ नका. सायकल भिंतीला टेकवा, मागे उभं राहून सीटच्या मध्यातून पुढच्या नळीपर्यंत दोरा ताणा. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, दोऱ्याच्या उजवीकडे वळलेलं असेल तर कारण सापडलं. नाक सरळ निघालं तर उंची बघा: टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली न्या, पाय जेमतेम सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. सीट जास्त उंच असली की शरीर एका कुशीवर उतरतं आणि त्या बाजूची मांडी कडेला घासत राहते. हे दोन्ही ठीक असून घासत असेल तर पायांच्या लांबीतला फरक एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्या.

सीटची रुंदी: ११८ मध्ये सरळ बसणाऱ्याला साधारण २५-३० मिमी मिळवा, म्हणजे १४५ ते १५० ची मध्यम कडक सीट, मध्ये खोबण असलेली. आताची रुंद सीट मांडीला अडत असणार हेही आहेच. नाक फोनच्या लेव्हल अॅपवर शून्य अंशात ठेवा; बधिरपणा राहिला तर एक-दोन अंश खाली, त्याहून जास्त नको, नाहीतर घसरत पुढे येता आणि सगळा भार तळहातांवर. आणि नवं पॅड जुन्याहून पातळ असलं की सीट थोडी वर घ्यावी लागेल, २-३ मिमीचा फरकही गुडघ्याला जाणवतो.

क्रम पाळा: आधी सीट, मग शॉर्ट. उलटं केलं तर शॉर्ट दोनदा घ्यावी लागते.

शिवण_टाका

वापराबद्दल राहिलंच. शॉर्टच्या आत काहीही घालायचं नाही. अंडरवेअरची शिवण नेमकी मांडीच्या घडीत येते आणि सुती कापड घाम धरून ठेवतं. पॅड त्वचेला लागण्यासाठीच बनवलेलं असतं.

शॅमी क्रीम (घासू नये म्हणून लावायचं) पाण्यात विरघळणारं घ्या. पेट्रोलियम जेली स्वस्त आणि टिकाऊ, पण फोममध्ये शिरली की धुण्याने निघत नाही आणि पॅड श्वास घेईनासं होतं. क्रीम घडीत आणि पॅडच्या कडेला लावा, सगळीकडे थापू नका. तिथले केस राईडच्या आदल्या दिवशी काढू नका, मुळांना पुळ्या येतात.

राईड संपली की लगेच बदला. ओल्या शॉर्टमध्ये पोह्याच्या ठेल्यावर तासभर गप्पा मारत बसणं हेच निम्म्या पुळ्यांचं कारण आहे. पुळी गरम आणि ठणकणारी झाली, ताप आला किंवा सायकलवरून उतरल्यानंतरही बधिरपणा तासन्‌तास राहिला, तर डॉक्टरांना दाखवा, राईड थांबवा.

धुताना उलटी करून, थंड पाण्यात, सौम्य साबणाने हाताने. फॅब्रिक सॉफ्टनर नाही, ब्रश नाही, पिळणं तर नाहीच, कारण पॅडचे थर सुटतात. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत पॅड बाहेर करून वाळत घाला. मे महिन्यातलं आपलं ऊन इलास्टेनला कडक करतं. कूलरसमोरही टाकू नका, ती हवा दमट असते. साधा पंखा बरा. पावसाळ्यात वरून वाळलेली वाटते तरी फोम आतून ओला असतो, दाबून बघून मगच ठेवा.

तर्री_मारके

अन् नवी शॉर्ट बीआरएमच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका बाप्पा. आधी एखादी १०० किमीची राईड, त्याच सीटवर, त्याच क्रीमनं. जिथं लाल झालं तिथं पाहून ठेवा, काय बदलायचं ते तिथंच समजते. दुसरी एक शॉर्ट बॅगेत असू द्या, १२० किमीनंतर कोरडी घातली की पाय नवे झाल्यासारखे वाटतात.