मॉडिफाय केलेली वॅगन विकलीत का? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी, ऑकलंडहून लिहितोय. माझी २००४ ची सुबारू लेगसी जीटी वॅगन (छत मागपर्यंत गेलेली, मोठ्या डिकीची), जपानहून आलेली, बीपी५ मॉडेल, मॅन्युअल, शेवटी विकायला काढतोय. आईबाबा सहा महिन्यांसाठी येतायत आणि बाबांच्या गुडघ्यांना तिच्यात चढउतर होत नाही, मागच्या खेपेला आई म्हणाली, अरे ही गाडी आहे की पाट? कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) टाकून खाली बसवलीय ना. त्याचं एलव्हीव्ही सर्ट, म्हणजे इथलं मॉडिफाय केलेल्या गाडीचं सर्टिफिकेट, काढलंय, प्लेट बॉनेटखाली आहे. शिवाय मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), एक्झॉस्ट, रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेलं). दर ५००० किमीला ऑइल, एक लाखाला टायमिंग बेल्ट वॉटर पंपासकट, सगळी बिलं फायलीत लावलेली. पण लोक फोन करतात आणि पहिला प्रश्न, "किती धुतलीय?" म्हणजे मॉडिफाय केलीय तर पिळलीच असणार! तर सांगा, ओरिजिनल पार्ट परत चढवून विकू की आहे तशीच?

*

मेलबर्नहून. आमच्याकडे हीच गाडी लिबर्टी नावाने मिळायची, कारण इथे लेगसी ही युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबांना मदत करणारी जुनी संस्था आहे, त्या नावाची गाडी कशी विकणार. असो. माझी २००७ ची लिबर्टी जीटी वॅगन, रीमॅप केलेली. पहिलाच आला तो पी प्लेटवाला, म्हणजे नवीन लायसन्सचा पोरगा, सोबत वडील. आता आमच्या व्हिक्टोरिया राज्यात पी प्लेटवर इंजिन ट्यून केलेली गाडी चालवता येत नाही, हे त्या पोराला माहीत होतं पण वडिलांना सांगितलं नव्हतं 😄 मीच चक्कर मारून आणली, पोरगा मागे बसून टर्बोचा आवाज ऐकत होता, चेहरा बघवत नव्हता. मग रोडवर्दीला, म्हणजे विकण्याआधीच्या तपासणीला नेली तर उंची कमी म्हणून नापास. जुन्या स्प्रिंगा होत्या म्हणून वाचलो, एका शनिवारात बदलल्या आणि पास करून घेतली. ते सर्टिफिकेट ३० दिवसच चालतं, म्हणजे महिन्यात गिऱ्हाईक नाही आलं की परत खर्च. मी तर म्हणेन सगळं स्टॉक, म्हणजे कंपनीचं होतं तसं करा आणि पार्ट वेगळे विका, माझ्या कॉइलओव्हरचे जे सुटले ते गाडीसोबत कुणी दिले नसते.

*

दादा, मी उलट सांगेन. न्यू जर्सी, २००५ ची लेगसी जीटी वॅगन, पाच गिअरची. गाडी माझी, नवऱ्याला ऑइलचा डबा कुठून उघडतात ते माहीत नाही, पण येणारा प्रत्येक जण त्याच्याशीच बोलायचा. तो बिचारा चहा करायला आत पळायचा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे जाणकार माणूस आधी खालून गंज बघतो. एक जण आला तो सरळ ड्राइव्हवेवर पाठीवर झोपला टॉर्च घेऊन, तेव्हाच मला बरं वाटलं. उठून एकच विचारलं, टर्बोला ऑइल नेणाऱ्या बँजो बोल्टमधली (मधून पोकळ बोल्ट) जाळी काढलीय का? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ती बारीक जाळी काजळीने तुंबते, टर्बोला ऑइल पोचत नाही आणि टर्बो जातो. मी ती काढून छोट्या डबीत ठेवली होती, बिलासोबत. डबी त्याच्या हातात दिली आणि मग घासाघीस अशी झालीच नाही. तेव्हा पार्ट बदलत बसू नका, तुमचा माणूस येईपर्यंत थांबा.

*

पुण्यातून. आमच्या नशिबी लेगसी कुठली, आमची होती मारुतीची वॅगन, बलेनो अल्टुरा. १.६ चं इंजिन, मागे ढेरी, पण खंबाटकीत भल्याभल्यांना मागे टाकायची. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंगला न्यायच्या आधी अलॉय, सायलेन्सर, सगळं उतरवून जुनं चढवलं. कोल्हापूरच्या एका काकांनी घेतली, मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या, पेढे दिले. मी शहाणा, फास्टॅग बंद करायला विसरलो. संध्याकाळी मोबाईल वाजायला लागला, खेड शिवापूर, मग आनेवाडी, मग तासवडे, शेवटी किणी. प्रत्येक मेसेजला बायको विचारायची, कुठवर पोचली? मुलगी सासरी निघाल्यासारखं. पैसे काकांकडे मागायची लाज वाटली.

*

इंग्लंड. माझी वॅगन मित्सुबिशी लेग्नम व्हीआर-४, १९९८, दोन टर्बोंचं व्ही६. मागच्या डिफचा (मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) एवायसी पंप गेला होता, या गाड्यांचं जुनंच दुखणं, ते जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं. इथले लोक भाव पाडत राहिले आणि घेतली अमेरिकेला गाड्या पाठवणाऱ्याने, कारण २५ वर्षं झाली की तिकडे नेता येते. त्याने पंपाबद्दल ब्रसुद्धा काढला नाही.

*

धागाकर्ता परत. सगळ्यांचे आभार. मेलबर्नवाल्या दादांचं ऐकून काल जुने शॉकअप आणि स्प्रिंगा शोधायला गॅरेजमध्ये गेलो. नाहीत. बायको म्हणाली, ते काळं गंजकं होतं ते ना, कौन्सिलवाले मोठा कचरा न्यायला आले तेव्हा बाहेर ठेवलं की. मग आहे तशीच, प्लेटचा फोटो टाकून, डब्ल्यूओएफ (इथलं गाडी तपासणीचं सर्टिफिकेट) नवीन करून जाहिरात लावतोय. न्यू जर्सीच्या ताई, ती जाळीची भानगड माझ्या गाडीलाही आहे का ते उद्याच बघतो.