डायसन स्फिअर: सलग कवच नव्हे, थवा
डायसन स्फिअर म्हणजे ताऱ्याची ऊर्जा गोळा करायला त्याच्याभोवती उभारायची काल्पनिक महाकाय रचना. त्यावर कोणीतरी म्हटलंय की सूर्याभोवती एवढं मोठं कवच बांधायला लोखंड कुठून आणणार. अहो पण सलग कवच कोणी म्हणतच नाहीये! भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसनने 1960 मध्ये मांडलं ते सुट्या सुट्या वस्तूंच्या थव्यासारखंच होतं, प्रत्येक तुकडा आपापल्या कक्षेत फिरणारा. सलग गोळा केला तर आतल्या ताऱ्याचं गुरुत्व त्याला जागेवर धरूनच ठेवत नाही, जरा धक्का बसला की सरकत सरकत एक दिवस थेट ताऱ्यावर, आणि स्वतःचं वजन पेलेल असा मटेरियलही आपल्याकडे नाही.

कच्चा माल म्हणून बुध फोडायचा म्हणतात. हिशोब केला तर तो पूर्ण विस्कटायला सूर्याची साधारण सव्वा तासाची अख्खी ऊर्जा लागते, ऐकायला कमी वाटतं पण आपल्या हातात त्यातला कणभरच येतो ना.

मला खरी गंमत उष्णतेची वाटते. वापरलेली ऊर्जा शेवटी इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांत, बाहेर पडणारच, ती लपवता येत नाही, म्हणून तर अशा रचना शोधणारे तिथेच बघतात. टॅबीचा तारा म्हणतात त्या एका दूरच्या ताऱ्याचा प्रकाश 22 टक्क्यांपर्यंत घटला तेव्हा अशीच रचना सापडली की काय म्हणून केवढा गाजावाजा, निघाली बहुतेक धूळच :)