पायथनचे सी एक्सटेन्शन: टर्मिनलमध्ये चालते, पण सर्व्हिसमध्ये 'लायब्ररी सापडत नाही' म्हणते

प्रश्न | शिरोली_देखभाल

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी देखभाल विभाग सांभाळतो. इंडक्शन भट्टीचे तापमान वाचणाऱ्या कार्डासोबत पुरवठादाराने एक हेडर फाइल आणि 'लिबतापकार्ड.एसओ' ही तयार शेअर्ड लायब्ररी दिली आहे; तिचा सोर्स कोड आमच्याकडे नाही. ती पायथनमधून वापरता यावी यासाठी एका माजी सहकाऱ्याने सी भाषेत छोटे एक्सटेन्शन मॉड्यूल लिहिले होते. प्रत्येक हीटचे (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचे) तापमान आणि ओतकामाची वेळ या मॉड्यूलमार्फतच नोंदली जाते, आणि कास्टिंग नाकारले गेले की ग्राहक सर्वांत आधी हीच नोंद मागतो.

जुन्या संगणकावर उबुंटू २२.०४ आणि पायथन ३.१० होते, नव्यावर उबुंटू २४.०४ आणि पायथन ३.१२ आहे. नव्या संगणकावर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये बिल्ड सुरू करताच 'डिस्ट्युटिल्स नावाचे मॉड्यूल नाही' असा संदेश आला. बिल्डची माहिती असलेल्या सेटअप.पाय या फाइलमध्ये डिस्ट्युटिल्स या जुन्या बिल्ड साधनाच्या जागी सेटअपटूल्स हे नवे साधन घातल्यावर तो गेला आणि 'पायथन.एच सापडत नाही' हा संदेश आला. पायथन३-डेव्ह हे पॅकेज बसवल्यावर बिल्ड पूर्ण झाले, मात्र इम्पोर्ट करताना लिबतापकार्ड.एसओ उघडता येत नसल्याचे सांगितले गेले. एलडी_लायब्ररी_पाथ हे लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारे चल, टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये लिहिल्यावर टर्मिनलमधून सर्व सुरळीत चालते; पण संगणक सुरू होताच आपोआप चालणारी सिस्टिमडीची (उबुंटूत सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रणालीची) सर्व्हिस त्याच ठिकाणी बंद पडते.

भट्टीजवळच्या या संगणकाला इंटरनेट नाही. हे बिल्ड कसे मांडावे, म्हणजे दर वेळी असे एकेक संदेश पाहून हाताने दुरुस्ती करावी लागणार नाही?

उत्तर | शिरगाव_सीएनसी

आपल्याला आलेले तीन संदेश तीन वेगळ्या टप्प्यांचे आहेत, आणि कोणता संदेश कोणत्या टप्प्याचा हे कळले की कॉन्फिगरेशनमध्ये काय लिहायचे तेही कळते. कंपाइल करताना हेडर फाइल लागते, लिंक करताना लायब्ररीचे नाव आणि जागा लागते, तर इम्पोर्टच्या वेळी, म्हणजे मॉड्यूल स्मृतीत चढवताना, तीच लायब्ररी पुन्हा नव्याने शोधली जाते. लिंकरला (लिंक करणाऱ्या साधनाला) दाखवलेली जागा लोडरला (स्मृतीत चढवणाऱ्या साधनाला) आपोआप कळत नाही. आपली शेवटची अडचण नेमकी इथेच आहे.

आधी डिस्ट्युटिल्सविषयी. पीईपी ६३२ या पायथनच्या सुधारणा प्रस्तावानुसार पायथन ३.१० मध्ये ते कालबाह्य ठरवले गेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून काढून टाकण्यात आले. ज्या संगणकावर सेटअपटूल्स बसवलेले असते तिथे 'इम्पोर्ट डिस्ट्युटिल्स' ही ओळ अजूनही चालताना दिसते, कारण सेटअपटूल्स स्वतःजवळची प्रत पुढे करते. ३.१२ पासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही, म्हणून आपल्याकडे ती ओळ थेट अडली. आपण केलेला बदल योग्य आहे; तो तसाच ठेवावा.

आता मुख्य गोष्ट. सेटअपटूल्सच्या 'एक्सटेन्शन' या वर्गाला तीन टप्प्यांसाठी वेगवेगळे पॅरामीटर आहेत. हेडर फाइलचे फोल्डर 'इन्क्लूड_डर्स'मध्ये लिहावे. लिंकरसाठी 'लायब्ररी_डर्स'मध्ये फोल्डर आणि 'लायब्ररीज'मध्ये फक्त 'तापकार्ड' असे नाव द्यावे; सुरुवातीचे 'लिब' आणि शेवटचे 'एसओ' लिंकर स्वतः जोडतो. लोडरसाठी 'रनटाइम_लायब्ररी_डर्स' आहे, आणि माझ्या अंदाजाप्रमाणे आपल्या फाइलमध्ये नेमका हाच राहिलेला असावा. त्यात लिहिलेला मार्ग तयार झालेल्या मॉड्यूलच्या फाइलमध्येच कोरला जातो, त्यामुळे ते मॉड्यूल टर्मिनलमधून चालवले काय किंवा सर्व्हिसमधून चालवले काय, फरक पडत नाही. बॅशआरसीत लिहिलेले चल सिस्टिमडी वाचतच नाही. ते सर्व्हिसच्या फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंट म्हणून देता येते, पण मग मॉड्यूलची एक गरज त्याच्या बिल्डबाहेर भलत्याच फाइलमध्ये जाऊन बसते आणि पुढच्या संगणकावर ती कोणाच्या लक्षात राहत नाही.

त्या ठिकाणी पूर्ण मार्ग लिहिण्याऐवजी डॉलरचे चिन्ह आणि त्याला लागून मोठ्या अक्षरांत 'ओरिजिन' असे लिहावे. लोडर त्याचा अर्थ 'ही फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर' असा घेतो. मग पुरवठादाराची लायब्ररी पॅकेजच्या फोल्डरमध्येच, एक्सटेन्शनच्या शेजारी ठेवावी आणि 'पॅकेज_डेटा'मध्ये तिची नोंद करावी. पॅकेज कुठेही हलवले तरी दोन्ही फाइली सोबत जातात. सेटअपटूल्स कंपायलरला शेलमार्फत बोलावत नाही, त्यामुळे डॉलरचे चिन्ह जसेच्या तसे पोहोचते; तेच मेकफाइलमध्ये लिहायचे झाले तर ते चिन्ह दोनदा द्यावे लागते.

एक्सटेन्शन पॅकेजच्या आत नेताना नावाकडे लक्ष असू द्यावे. समजा पॅकेज 'भट्टी' आणि मॉड्यूल '_कार्ड' असेल, तर एक्सटेन्शनचे नाव 'भट्टी._कार्ड' असे द्यावे लागेल. सी फाइलमधील आरंभीच्या फंक्शनचे नाव मात्र शेवटच्या भागावरूनच ठरते, म्हणजे 'पायइनिट'नंतर एक अंडरस्कोर त्या पद्धतीचा आणि दुसरा मॉड्यूलच्या नावाचा, असे लागोपाठ दोन अंडरस्कोर येतात. एक जरी गळला तरी बिल्ड विनातक्रार पूर्ण होते आणि इम्पोर्टच्या वेळी मॉड्यूलमध्ये ते फंक्शन नसल्याचा संदेश येतो.

इंटरनेट नसल्याबद्दल: पिप (पायथनची पॅकेजे बसवणारे साधन) एरवी एक वेगळे तात्पुरते एन्व्हायर्नमेंट तयार करून त्यात पायप्रोजेक्ट.टॉमलमधील 'बिल्ड-सिस्टिम' या भागात मागितलेली साधने उतरवून घेतो. ती फाइल नसेल तरीही सेटअपटूल्स उतरवण्याचा प्रयत्न होऊ शकतो. जोडणी नसेल तर तो तिथेच अडतो. सेटअपटूल्स आणि व्हील या साधनांच्या फाइली पेन ड्राइव्हने आणून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये आधी बसवाव्यात आणि पिपला 'नो-बिल्ड-आयसोलेशन' हा पर्याय द्यावा.

उत्तर | इचल_लूम

वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात एका गोष्टीची भर घालतो, कारण इचलकरंजीत यंत्रमागांच्या मोजणीसाठी अशाच पद्धतीचे मॉड्यूल तयार करताना तिच्यात बराच वेळ गेला होता.

लायब्ररीचे नाव अनेकदा 'एलडीफ्लॅग्ज' या चलातून दिले जाते आणि इंटरनेटवरची बरीच जुनी उत्तरे तसेच सुचवतात. उबुंटूवर हे टाळावे. त्या चलातील मजकूर लिंकरच्या आज्ञेत ऑब्जेक्ट फाइलींच्या (कंपाइल झालेल्या सी कोडच्या फाइलींच्या) आधी येतो. उबुंटूचा जीसीसी हा कंपायलर मुळातच लिंकरला 'ॲज-नीडेड' हा पर्याय देतो, म्हणजे लायब्ररीचे नाव वाचेपर्यंत तिच्यातील एखादे फंक्शन कोणी मागितलेले नसेल, तर तिची नोंदच होत नाही. ऑब्जेक्ट फाइल नंतर वाचली जात असल्यामुळे आपली लायब्ररी गळून जाते, आणि शेअर्ड ऑब्जेक्ट तयार करताना अपूर्ण राहिलेली नावे लिंकर चालवून घेतो. बिल्ड निर्धोक पार पडते आणि इम्पोर्ट करताना 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' असा संदेश येतो. हा संदेश आपल्याला आलेल्या संदेशापेक्षा वेगळा आहे, हे ध्यानात घ्यावे: आपल्याकडे लायब्ररीची नोंद झालेली आहे पण फाइल सापडत नाही, तर इथे फाइल शेजारी असूनही नोंदच नसते. 'लायब्ररीज'मधून नाव दिल्यास सेटअपटूल्स ते ऑब्जेक्ट फाइलींनंतर ठेवते आणि हा प्रश्न येत नाही.

खात्रीसाठी तयार झालेल्या मॉड्यूलवर 'रीडएल्फ' ही आज्ञा 'वजा डी' पर्यायासह चालवावी. 'नीडेड' या ओळींमध्ये लिबतापकार्ड दिसली पाहिजे आणि 'रनपाथ' (लोडरसाठी कोरलेला मार्ग) या ओळीत ओरिजिन दिसले पाहिजे. यांतले काही दिसत नसेल तर इम्पोर्ट करून पाहण्यात अर्थ नाही, आधी सेटअप.पाय तपासावी.

शिरोली_देखभाल

दोघांचेही मनापासून आभार. 'रनटाइम_लायब्ररी_डर्स' खरोखरच नव्हते. आता 'नीडेड' आणि 'रनपाथ' दोन्ही ओळी सांगितल्याप्रमाणे दिसतात.

अजून दोन शंका आहेत. बॅशआरसीतील चल काढून टाकल्यावर लिबतापकार्ड सापडते, पण 'लिबतापदुवा.एसओ सापडत नाही' असा नवाच संदेश येतो. पुरवठादाराने दिलेल्या फोल्डरमध्ये ही दुसरी फाइल आहे आणि ती मी शेजारीच ठेवली आहे. दुसरे असे की, आमच्या प्रयोगशाळेतील संगणक अजून २२.०४ वरच आहे. तिथेही हेच मॉड्यूल हवे आहे, परंतु त्या संगणकावर कंपायलर ठेवण्याची परवानगी नाही. एकच तयार फाइल दोन्हीकडे चालू शकेल का?

उत्तर | विद्यानगर_प्रणाली

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्यावरून बिल्ड कुठे करायचे ते ठरेल.

तयार व्हील फाइलच्या (पिपने थेट बसवता येणाऱ्या पॅकेजच्या फाइलच्या) नावातच ती कोणत्या पायथनसाठी आहे ते लिहिलेले असते. ३.१२ वर केलेले सामान्य व्हील ३.१० वर पिप बसवूच देणार नाही. त्याशिवाय ग्लिबसी या उबुंटूच्या मूळ सी लायब्ररीचा प्रश्न आहे. २२.०४ मध्ये ग्लिबसी २.३५ आहे आणि २४.०४ मध्ये २.३९, नव्यावर लिंक केलेली फाइल जुन्यावर बहुधा 'ही आवृत्ती सापडत नाही' असे सांगून थांबते, उलट जुन्यावर केलेली नव्यावर चालते. म्हणून बिल्ड २२.०४ वरच करावे. प्रयोगशाळेच्या संगणकावर नव्हे, तर इंटरनेट असलेल्या दुसऱ्या एखाद्या संगणकावर तीच आवृत्ती बसवून. मग त्या बिल्डला पायथनच्या आवृत्तीपासून मोकळे करण्यासाठी लिमिटेड एपीआय, म्हणजे पुढच्या आवृत्त्यांतही टिकणारा पायथनच्या सी फंक्शनांचा मर्यादित संच, वापरावा. पीईपी ३८४ मधून तो पायथन ३.२ पासून उपलब्ध आहे.

त्यासाठी तीन ठिकाणी लिहावे लागते आणि तिन्ही ठिकाणची किमान आवृत्ती जुळली पाहिजे. 'डिफाइन_मॅक्रोज'मध्ये 'पाय_लिमिटेड_एपीआय' या मॅक्रोचे मूल्य ०एक्स०३०ए०००० द्यावे; यातील 'ए' म्हणजे दहा, अर्थात ३.१०. एक्सटेन्शनला 'पाय_लिमिटेड_एपीआय' हा पॅरामीटर 'ट्रू' द्यावा, म्हणजे फाइलच्या नावात 'एबीआय३' येते. शेवटी व्हील तयार करणाऱ्या 'बीडिस्ट_व्हील' या आज्ञेच्या पर्यायांत 'सीपी३१०' लिहावे. हे तिसरे बऱ्याचदा राहून जाते, आणि मग आतले मॉड्यूल सर्वत्र चालण्याजोगे असूनही बाहेरच्या व्हीलच्या नावामुळे पिप ते नाकारतो.

सी कोडवरही एकदा नजर फिरवावी लागेल. यादीतील घटक थेट काढणारे 'पायलिस्ट_गेट_आयटेम' हे मोठ्या अक्षरांतील मॅक्रो लिमिटेड एपीआयमध्ये मिळत नाही. त्याऐवजी त्याच नावाचे मिश्र अक्षरांतील फंक्शन वापरावे. स्टॅटिक पद्धतीने घोषित केलेले टाइप असतील तर ते 'पायटाइप_फ्रॉमस्पेक'ने तयार करावे लागतील. तापमान वाचून एक संख्या परत देणाऱ्या छोट्या मॉड्यूलमध्ये असे बदल थोडेच निघतात आणि ते एकदाच करावे लागतात, म्हणून हा मार्ग मी आग्रहाने सुचवतो.

एक्सटेन्शनची माहिती सेटअप.पायऐवजी थेट पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये लिहिण्याची सोय सेटअपटूल्स ७४.१ पासून आहे, परंतु ती प्रायोगिक म्हणूनच आली आहे आणि उबुंटू २४.०४ च्या भांडारातील सेटअपटूल्स ६८ मालिकेतील आहे. भट्टीची नोंद ज्यावर अवलंबून आहे ते काम सेटअप.पायमध्येच ठेवावे. सेटअप.पाय ही फाइल कालबाह्य झालेली नाही. ती थेट चालवून बसवण्याची जुनी पद्धत तेवढी सोडायची आहे.

आता लिबतापदुवा. 'रनपाथ' ही नोंद ज्या फाइलमध्ये असते तिच्या थेट गरजांपुरतीच लागू होते. आपल्या एक्सटेन्शनला लिबतापकार्ड हवी, ती सापडली. लिबतापकार्डला लिबतापदुवा हवी, आणि पुरवठादाराने आपल्या फाइलमध्ये रनपाथ कोरलेला नाही, म्हणून लोडर शेजारी पाहतच नाही. एलडी_लायब्ररी_पाथ मात्र सगळ्यांना लागू होत असल्याने ही उणीव आजवर झाकलेली राहिली. दुसऱ्या लायब्ररीचे नावही 'लायब्ररीज'मध्ये वाढवावे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण आपला सी कोड तिचे कोणतेही फंक्शन थेट वापरत नसेल तर वर सांगितलेल्या 'ॲज-नीडेड'मुळे ते नाव गळून जाईल.

'पॅचएल्फ' हे साधन वापरून लिबतापकार्डच्या प्रतीवर ओरिजिन हाच रनपाथ कोरावा. इथे आज्ञा शेलमधून द्यायची असल्याने तो मजकूर एकेरी अवतरणात ठेवावा. मूळ फाइल जपून ठेवावी आणि पुरवठादाराच्या अटींत फाइलमध्ये बदल करण्यास मनाई नाही ना ते पाहावे. मनाई असल्यास दोन्ही फाइली एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवून त्याचा मार्ग एलडीकॉन्फिगला (लोडरसाठी लायब्ररींची यादी ठेवणाऱ्या साधनाला) सांगावा. ही सोय संपूर्ण संगणकाला लागू होते आणि प्रत्येक संगणकावर वेगळी करावी लागते, म्हणून ती दुसऱ्या पसंतीची.

शिरोली_देखभाल

पुरवठादाराला विचारले, प्रतीवर रनपाथ कोरण्यास त्यांची हरकत नाही आणि पुढील आवृत्तीत तो आधीच घालून देऊ असे त्यांनी कळवले आहे. पॅचएल्फनंतर भट्टीजवळची सर्व्हिस कोणत्याही चलाशिवाय सुरू झाली. सी कोडमध्ये मोठ्या अक्षरांतील ते मॅक्रो दोन ठिकाणी होते, तेवढे बदलून २२.०४ वर व्हील तयार केले आहे. त्याच्या नावात 'सीपी३१०-एबीआय३' दिसते. प्रयोगशाळेत ते पाळी बदलताना बसवू, कारण त्याआधी तिथले चालू नमुने थांबवता येत नाहीत.