भांगला म्हणणाऱ्यांनी आधी खुरपं धरावं

ऊसवाला_शिरोळ : काल इथं एकानं लिहिलंय, "तणनाशक मारणारा शेतकरी आळशी. आमच्या आज्ज्यानं नुसत्या खुरप्यावर रान राखलं." अहो, आज्ज्याच्या घरात खाणारी तोंडं बारा अन् राबणारे हात चोवीस होते. गेल्या साली पावसाळ्यात लावलेल्या आडसाली उसात भांगलायला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, पाच बायका सांगितल्या. आल्या दोन, त्याबी अकराला. पावसानं उघडीप दिली नाही, हरळी गुडघ्याला लागली. पहिले तीन-चार महिने ऊस तणात राहिला की फुटवा मार खातो, मग टनेज कुठलं? औंदा लागणीनंतर तिसऱ्या दिवशी ओलीवर अट्राझिन तणनाशक मारलं. पायानं औषधाचा थर मोडू नये म्हणून सगळी सरी मागं मागं सरत. ह्याला आळस म्हणायचं?

काळं_रान : पोस्ट माझीच. 'आळशी' मागं घेतो, बाकीचं नाही. सरीत सोयाबीन टोकून मग मारा की अट्राझिन, तणासंगं सोयाबीनबी जाईल! आणि शेजाऱ्यानं वाऱ्यात टू-फोर-डी तणनाशक मारलं, तर बांधाकडच्या आठ ओळी वांग्यांचे शेंडे दोरीगत पिळले. विचारलं तर म्हणतो, "वारं काय माझ्या हातात हाय व्हय?"

कागलची : वांगी राहू द्या. "त्याबी अकराला" म्हणजे काय? पाचला उठून धारा, भाकरी, पोरांचे डबे उरकून यायचं असतं. माझी आई वीस वर्षं भांगलायला जायची. उसाच्या पानानं हात चिरलेले, रात्री खोबरेल लावून बसायची. हजेरी गड्यापेक्षा कमीच.

ऊसवाला_शिरोळ : हजेरी वाढवायला उसाला दर नको?

कागलची : आली गाडी दरावर! दर वाढला त्या साली हजेरी किती वाढवली, तेवढं सांगा.

पैरेकरी : पूर्वीगत पैरा करा, एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबा, मिटलं.

ऊसवाला_शिरोळ : कुणासंगं? पोरं सगळी एमआयडीसीत.

लव्हाळ्याचा_जावई : भांडा निवांत. लव्हाळ्याचं तण तुम्हा दोघांनाबी भीक घालत नाही. खुरपलं की गाठ खाली शाबूत, आठवड्यात परत हिरवागार. मी शहाणा, रोटर फिरवला. स्वतःच्या डिझेलनं रानभर गाठी पेरल्या. शेवटी हॅलोसल्फ्युरॉन तणनाशक मारलं, एकरी 36 ग्रॅम, लव्हाळा तीन-चार पानांवर कवळा असताना. पुडी बघून बायको म्हणाली, "एवढ्याशानं?" समूळ गेला नाही, पण आता ऊस दिसतोय.

काळं_रान : बरं बाबा, लव्हाळ्यापुरतं तुमचं खरं, हार घालू का? पण टू-फोर-डी मारलेला पंप नुसता विसळून मिरचीवर नेणारे कमी आहेत का?

ऊसवाला_शिरोळ : माझा तणनाशकाचा पंपच वेगळा, पट्ट्याला लाल चिंधी बांधलेली. हे त्या शेजाऱ्याला सांगा की.

काळं_रान : चुलतभाऊ आहे तो. बोलणं बंद आहे.

कागलची : शिरोळकर, उसाच्या ओळीतलं तण राहिलंच असेल. बायका बघून देऊ? हजेरी आधी ठरवा. आणि येतील अकरालाच.