मदत हवी आहे: डॉक्टरांकडून कानातला मळ काढून घेताना काय धोके असतात?

आईच्या उजव्या कानाला दडे बसलेत. डॉक्टर म्हणाले मळ घट्ट बसलाय, आधी थेंब टाका, पुढच्या खेपेला पिचकारीने पाणी मारून काढू. थेंब सुरू केल्यापासून तिला उलट आणखीच कमी ऐकू येतंय. असं होतं का?

खरी धास्ती वेगळीच आहे. तिला मधुमेह आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे आणि लहानपणी हाच कान वाहायचा. पडद्याला भोक पडलं होतं का, हे सांगणारं आता कुणी नाही. दवाखान्यात यातलं काही विचारलं गेलं नाही. पाण्याने पडदा फाटू शकतो का? चक्कर येते म्हणतात, ती किती वेळ टिकते? सक्शन (बारीक नळीने मळ ओढून काढणं) बरं पडेल का? (कानकोरणं, हेअरपिन, कानात मेणबत्ती हे सल्ले कृपया नकोत.)

प्रतिसाद १
थेंबांनी मळ फुगतो, त्यामुळे दडे वाढतात. त्यात घाबरण्यासारखं नाही. मात्र आईंना एक विचारा, थेंब टाकल्यावर त्याची चव घशात येते का? येत असेल तर पडद्याला भोक असण्याची शक्यता आहे. मग थेंबही थांबवायचे आणि पिचकारीला तर साफ नाही म्हणायचं, कारण पाणी मधल्या कानात शिरून जंतुसंसर्ग होतो. धड पडदासुद्धा जोराच्या धारेने फाटू शकतो. क्वचित होतं, पण होतं.

चक्कर बहुतेक वेळा पाण्याच्या तापमानामुळे येते. पाणी शरीराइतकंच, ३७ अंशांच्या आसपास हवं. गार किंवा गरम असलं की आतल्या कानातला द्रव हलतो आणि डोकं फिरत असल्यासारखं वाटतं. सहसा काही मिनिटांत ओसरते. तोवर त्यांना खुर्चीतून उठू देऊ नका.

प्रतिसाद २
तुमच्या आईंसाठी मी सक्शनच म्हणेन. सूक्ष्मदर्शकातून बघत काढतात, पाण्याचा प्रश्नच येत नाही. त्यातही त्रास आहेतच: आवाज भलताच मोठा येतो, हवेच्या गारव्याने गरगरतं, आणि नळी कानाच्या कातडीला लागली की काहींना खोकल्याची उबळ येते. काही जणांच्या कानात नंतर शिट्टी वाजत राहते.

गोळीमुळे साधा ओरखडाही जास्त वाहतो, हे आधीच सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेहात कान साफ केल्यावर ठणका वाढत गेला, रात्री झोप लागेना किंवा पू आला तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. हा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो.

धागाकर्ती
दोघांचे आभार. आईला विचारलं. म्हणाली, घशात कडवट लागतं, मला वाटलं औषधच तसं असेल. थेंब बंद केलेत. आता फोन करून सगळं सांगते आणि सक्शनची सोय आहे का तेही विचारते. नसेल तर दुसरीकडे नेईन.